सातव्या खिडकीखालची भेग

सुदेशच्या हॉटेलात विमान येणार, त्यात बसून लोक जेवणार, ही बातमी मालवणात केव्हाच शिळी झाली होती. गुणाजी तारीला तिचं सोयरसुतक नव्हतं. पण लांबलचक ट्रेलरवर पंख काढलेलं ते धूड देवबागच्या रस्त्याला लागलं, डाव्या बाजूच्या सातव्या खिडकीखालचं तळहाताएवढं ठिगळ त्याच्या नजरेला पडलं, आणि हा सदुसष्ट वर्षांचा माणूस माशांची पिशवी कठड्यावरच विसरून ट्रेलरमागे धावत सुटला.

ठिगळ त्याच्याच हातचं होतं. मुंबईच्या हँगरमध्ये विमानाचे पत्रे जोडण्यात त्याची उमर गेली. विमान वर गेलं की आतल्या हवेनं जरासं फुगतं, उतरलं की बसतं. अशा हजारो फेऱ्यांनी पत्रा थकतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघते. तिच्या नेमक्या टोकावर बारीक भोक पाडलं तर ती तिथेच अडते. मग वरून ठिगळ मारायचं. पण भोक टोकाच्या अलीकडे पडलं, तर भेग ठिगळाआडून गुपचूप पुढे सरकते. हे ठिगळ मारलं त्या दुपारी घाई होती, टोक धड दिसत नव्हतं, आणि गुणाजीने अंदाजानेच ड्रिल टेकवलं होतं. काम तपासणीत पास झालं, विमान दुसऱ्या शहरात गेलं आणि पुढे बारा वर्षं माणसं घेऊन उडलं.

गुणाजीच्या जिवाला लागलेला घोर मात्र सुटला नाही. कुठेही विमान पडल्याची बातमी आली की तो भरल्या ताटावरून उठायचा. स्वतः विमानात चढायचं नाही आणि बायको जानकीलाही चढू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. लेक समीक्षा दिल्लीत. तिने दोनदा काढलेली तिकिटं त्याने रद्द करायला लावली. तिच्या बाळंतपणाला जानकी दोन दिवस रेल्वेत कंबर धरून गेली, तेव्हाही हा बाबा हटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आतून प्लायवूड ठोकणार होते. त्यांच्या आधी गुणाजी हजर झाला. एका हातात होडीच्या इंजिनाचं रॉकेल, दुसऱ्या हातात जानकीचा तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा. डब्यापाठोपाठ जानकीही आली.

"काकानू, ह्या इमान आता उडाचा नाय," सुदेश हसत म्हणाला. "मगे भेग कसली बघतास?"

गुणाजी थेट सातव्या खिडकीपाशी गेला. आतला पत्रा उघडाच होता. त्याने तिथे रॉकेल चोळलं, थोडं मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर पावडर भुरभुरली. भेगेत शिरलेलं रॉकेल पावडरीत उमटणार होतं. घाईत निम्मी पावडर त्याच्या चपलांवर पडली. जानकीने मोबाईलचा उजेड धरला.

कोपऱ्यातून ओली, काळसर रेघ निघाली. इंचभर आली. भोकाला टेकली. गुणाजीने मिशी टेकेल इतकं तोंड पत्र्याजवळ नेलं. भोकापलीकडची पावडर पांढरीच होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी पांढरीच. त्याचा विश्वास बसेना. त्याने सगळं पुसलं आणि पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. सुतारही हातोड्या ठेवून माना वाकवून बघू लागले. रेघ दर वेळी भोकाशी येऊन थांबली.

"थांबली गो," तो म्हणाला. "माझ्या भोकार येवन थांबली." आणि त्याला इतका आनंद झाला की हसू आणि रडू एकदमच आलं.

जानकीने डबा हलवून पाहिला. आत काही उरलं नव्हतं. ती पदराने त्याच्या मिशीवरची पावडर पुसत राहिली. गुणाजीने तिच्या हातातला मोबाईल घेतला आणि तिथूनच दिल्लीला फोन लावला.

"समीक्षा, विमानाची तिकिटा काढ. दोघांची. तुझ्या आवशीक खिडकी व्हयी."