शिरवाळ्यांचा साचा आणि मोहिंग्याचा वाडगा

मित्रांनो, तुमच्या घरी शिरवाळे होत असतील तर माझी जात तुम्हांला ठाऊक असेल. मी तांदळाचे शिरवाळे पाडायचा जुना साचा आहे. अंग फणसाच्या लाकडाचं, पाय तीन, पोटात भोकांची पितळी चकती आणि डोक्यावर लांब दांडा. पिठाचा शिजवलेला गरम गोळा पोटात घालून दांडा दाबला, की खालून पांढऱ्या शेवया उतरतात.

देवरूखजवळच्या एका सुताराने मला घडवलं आणि मथुराच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्यासोबत रत्नागिरीला धाडलं. तिचा नवरा लवू मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. वर्षातले नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. तो आला की मथुरा मला माळ्यावरून उतरवी, शिरवाळे पाडी आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात वाढी. तो परत गेला की मी पुन्हा माळ्यावर. पुढे बाजारात तयार शेवयांची पाकिटं आली आणि माझं उतरणंच थांबलं. किती वर्षं गेली ते सांगता येणार नाही. चकतीवर हिरवा गंज चढला एवढं खरं.

लवू नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बोटीवर को मिंट नावाचा एक बर्मी स्वयंपाकी अकरा वर्षं त्याच्याबरोबर होता. त्याने लवूला मोहिंगा शिकवला होता. मोहिंगा म्हणजे माशाचा दाट रस्सा. त्यात गवती चहा, आलं, केळीचा गाभा आणि भाजलेलं बेसन असतं. तांदळाच्या शेवयांवर तो ओतायचा, वर तळलेला कांदा आणि उकडलेलं अंडं घालायचं, लिंबू पिळायचं. लवूचं म्हणणं असं, की यातली एकही वस्तू रत्नागिरीला परकी नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर शिंगाळा मासा मिळतो आणि गवती चहा तर परसात माजलेला असतो. थिबा पॅलेसच्या रस्त्याला त्याने पाच टेबलांचं हॉटेल काढलं आणि ‘बर्मी जेवण’ अशी पाटी लावली.

पहिले दोन महिने लोक पाटी वाचत, आत डोकावत आणि मिसळ आहे का म्हणून विचारत. जे बसत त्यांना रस्सा आवडे, पण पाकिटातल्या शेवया त्यात पडताच विरघळून खळ होत. लवूने तीन कंपन्यांच्या शेवया करून बघितल्या. शेवटी मथुरानेच मला माळ्यावरून काढलं, चिंचेने चकती घासली आणि रिक्षात घालून हॉटेलात आणलं. शिरवाळे गोडाचे, ते माशात कसले घालता, असं शेजारणी म्हणाल्या. मथुराने दांडा दाबला आणि लवूने त्या शेवयांवर रस्सा ओतला. शेवया शेवटच्या घासापर्यंत टिकल्या.

त्यानंतर चार वर्षं माझ्या कष्टाची होती आणि सुखाचीही. सकाळी सातला मथुरा पहिला गोळा घाली. अकरापासून लोक येत. पॅलेस बघून आलेले पर्यटक, मिरकरवाड्याचे होड्या चालवणारे तांडेल, कॉलेजातल्या मुली असे सगळे एकाच टेबलाला बसून फुरके मारत. नम्रता नावाची एक नर्स दर मंगळवारी येई. वाडगा संपवून ती लवूला सांगे, “काका, तुमच्या हाताला चव आहे.” लवू हसून मान डोलावी. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे मी आणि मथुरा ते ऐकत असू.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी फार गर्दी झाली. मथुरा कणी धुवायला मागे गेली होती. लवूने घाईत गार झालेला गोळा माझ्या पोटात कोंबला आणि दांड्यावर सगळं वजन टाकलं. माझा एक पाय कडकन मोडला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात स्टीलचं मशीन आलं. मला मागच्या दाराला अडसर म्हणून लावलं. मंगळवारी मथुराने ते मशीन पाहिलं, मला पाहिलं, खोचलेला पदर सोडला आणि घरी गेली. नंतर बरेच दिवस ती हॉटेलात फिरकली नाही.

खोटं कशाला बोलू? मशीनच्या शेवया चांगल्या होत्या. गिऱ्हाईक तुटलं नाही. नम्रतानेही नेहमीसारखा वाडगा संपवला. तुटलं ते एवढंच, की लवू रस्सा चाखून पडद्याकडे बघे आणि तिथे कुणी नसे.

वीस-पंचवीस दिवसांनी एका दुपारी मथुरा मागच्या दाराने आली. तिला मला घरी न्यायचं होतं. लवूने तिला अडवलं. तुझा खांदा दुखत होता म्हणूनच मशीन आणलं, असं काहीतरी तो सांगू लागला.

“खांदा दुखत होता, खरं आहे,” ती म्हणाली. “पण मला विचारलंत काय?”

लवू म्हणाला, “आलीस तशी बस. एक वाडगा खाऊन जा.”

“कुठे बसू? चार वर्षांत या हॉटेलात मी एकदा तरी बसून जेवलेय काय? तुमचा मोहिंगा कसा लागतो ते लोकांना ठाऊक. मी उभ्याने टोपाच्या तळाचा चाखलाय, तोही गार.”

लवूला हे सुचलंच नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने सोमवारी येशील का, एवढंच विचारलं. सोमवारी हॉटेल बंद असे. मथुरा मला न नेताच गेली.

त्या संध्याकाळी लवू मला अनिल सुताराकडे घेऊन गेला. अनिलने सागाचा नवा पाय बसवला. सोमवारी लवूने एकट्याने उकड काढली, गोळे शिजवले आणि मला दाबायला घेतलं. त्याला सवय नव्हती. निम्म्या शेवया तुटल्या, हात भाजला. मथुरा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून होती. दोनदा ती उठायला गेली आणि दोन्ही वेळा त्याने तिला हाताने खूण करून बसवलं.

त्याने वाडगा तिच्यासमोर ठेवला आणि गिऱ्हाइकासमोर उभा राहतो तसा बाजूला उभा राहिला. तिने लिंबू पिळलं, पहिला घास घेतला. मग दुसरा. सगळा वाडगा संपवून तिने तोंड पुसलं.

“शेवया तुटल्यात,” ती म्हणाली. “पीठ नीट मळलं नाही तुम्ही. रस्सा चांगला आहे.”

“उद्या येशील?”

“बघू.” तिने वाडगा पुढे सरकवला. “आधी अजून एक आणा. गरम आणा.”

मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला नवा पाय बसवता येतो; सुतार गावोगाव आहेत. पण तुमच्या घरी जे माणूस सगळ्यांना वाढतं, त्याला एकदा बसवून गरम वाढा. आणि ते उठू लागलं, तर उठू देऊ नका.