पुढून दुसरी खाच

ऑपरेशनला सात आठवडे झाल्यावर लायनेल ट्रँटर काठी टेकत एकटाच गाळ्यापर्यंत गेला. घरामागची गल्ली, पुढे गाड्या ठेवायच्या गाळ्यांची रांग, त्यातला चौदा नंबर. एरवी चार मिनिटांची वाट. त्या दिवशी अकरा लागली. डाव्या खुब्यात नवा सांधा होता आणि तो अजून आपला वाटत नव्हता.

दार वर सरकवलं आणि त्याला पहिली दिसली ती नंबरप्लेट. पिवळी, कोरी करकरीत. अकरा वर्षं ही गाडी म्हणजे नळ्यांचा सांगाडा होती, मग चाकं लागलेला सांगाडा, मग पत्रा चढलेला सांगाडा. आता सरकारी तपासणी पास होऊन ती रस्त्यावर जायला मोकळी झाली होती. तपासणीच्या दिवशी लायनेल हॉस्पिटलात होता. गाडीतला त्याचा भागीदार बॅरी, त्याने तपासणीच्या जागेवरूनच फोन केला होता, "पहिल्या झटक्यात पास! तो तपासनीस तुझ्या डॅशबोर्डवरून बोट फिरवत राहिला लेका. कुठे अडकलं नाही बघ." लायनेलने तो फोन नर्सलासुद्धा ऐकवला होता.

बोट अडकायचं कारणच नव्हतं. टोकदार कड सापडली की गाडी नापास. घरी गाडी बांधणारे बाकीचे लोक तपासणीपुरती प्रत्येक कडेला, प्रत्येक बटणाला रबराची पट्टी चिकटवतात आणि पास झाल्यावर तिथल्याच पार्किंगमध्ये ओरबाडून काढतात. तपासनिसांनाही ते ठाऊक असतं. लायनेलने तसलं काही केलं नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने गाड्यांच्या सीटा शिवल्या होत्या. डॅशबोर्डची प्रत्येक कड त्याने आधी फोमने गोल केली, मग त्यावर कातडं चढवलं. ते काढायसाठी नव्हतंच.

गाडीला दारं नव्हती. फिजिओच्या बाईने शिकवल्याप्रमाणे त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, सीटवर अंथरली, काठावर बसला, दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले आणि पिशवीवरून घसरत खाली गेला. दोन मिनिटं लागली. जमलं. तो स्वतःशीच हसला.

मग त्याने डावा पाय पुढे केला. क्लच चार बोटं लांब होता.

त्याने बूड पुढे सरकवलं. सीट सरकू देईना. मांड्यांच्या दोन्ही बाजूंना दोन उंचवटे होते आणि त्यांच्यामधल्या जागेत त्याच्यासारखे दीड मावले असते. पाठीला खोबण होती, पण ती त्याच्या खांद्यांच्या वर. दुसऱ्याचा बूट पायात घातल्यावर वाटतं तसं झालं. हात खाली घालून त्याने सीट पुढे घ्यायचा दांडा चाचपला. दांडा नव्हता. सरकत्या पट्ट्या नव्हत्या. सीट थेट जमिनीला आवळलेली होती.

बॅरी कॉटरिल सहा फूट तीन इंच. लायनेल पाच फूट चार. गाडी बांधायचं ठरलं त्या पहिल्याच रविवारी, चिप्स खाता खाता, दोघांनी हे बोलून घेतलं होतं. लोखंड बॅरीचं, आतलं सगळं लायनेलचं आणि सीट सरकत्या पट्ट्यांवर. पट्ट्यांना नऊ खाचा होत्या. सगळ्यात मागची बॅरीची, पुढून दुसरी लायनेलची. दोघांनीही बसून बघितलं होतं, दहादा तरी.

त्याने तिथूनच फोन लावला. बाहेर निघायला वेळ लागला असता, आणि त्याला बसलेलंच सापडायचं होतं.

बॅरी आला तो हातात चहाचा मग घेऊनच. "अरे वा! बसलास पण? मला हाक मारायची की."

"पट्ट्या कुठायत?"

"काढल्या. तपासणीपुरत्या. माझे गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. नापास झालो असतो."

"तपासणी होऊन सहा आठवडे झाले."

"हो रे, राहून गेलं."

लायनेलने उंचवट्यावर हात ठेवला. "हे तपासणीपुरतं आहे?"

अशी सीट कशी बनते ते दोघांनाही माहीत होतं. दोन द्रव मिसळून कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत ओततात, पिशवी सीटच्या जागी ठेवतात आणि माणूस तिच्यावर बसतो. फोम फुगतो, त्याच्या अंगाभोवती चढतो आणि पाव तासात घट्ट होतो. मग ती सीट त्या एका माणसाची. तपासणीपुरतं असं कोणी करत नाही.

बॅरीने चहाचा घोट घेतला. "नंतर केलं ते. पाठ धरत होती माझी."

लायनेलने मान वाकवून सीट पहिल्यांदाच नीट पाहिली. सुक्या मनुकांच्या रंगाचं कातडं. त्याचं कातडं. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात फोरमनने शेवटची चार कातडी चार शिवणाऱ्यांना वाटली होती. लायनेलने आपलं एकोणीस वर्षं माळ्यावर गुंडाळून ठेवलं, वर्षातून दोनदा उलगडून पुसलं. डॅशबोर्ड आणि दोन सीटा एवढ्यालाच ते बरोबर पुरणार होतं. ब्राऊन पेपरवर एकेक तुकडा बेतून ठेवला होता. शिवायच्या सोयीसाठी त्यानेच ते गाळ्यात आणलं होतं.

"हे कोणी शिवलं?"

"ननीटनचा एक सोफेवाला आहे. स्वस्तात केलं."

"त्याने बसायच्या जागी पोटाकडचं कातडं लावलंय."

"म्हणजे?"

"पोटाकडचं कातडं ताणतं. दोन उन्हाळ्यांत इथे ते पिशवीसारखं लोंबेल. पाठीचं कातडं बसायला लावतात. ते त्याने कुठे लावलं?" लायनेलने सीटच्या खालच्या बाजूला हात घातला. "हे बघ. खाली. जिथे कोणी बघत नाही तिथे. मधोमध कापलं त्याने. एकोणीस वर्षं ठेवलेलं कातडं मधोमध कापलं, बॅरी."

"अरे, उरलंय ना अजून. ते तुझ्यासाठीच ठेवलंय." बॅरीने बाजूच्या, अजून गादीशिवाय नुसतं पत्र्याचं भांडं असलेल्या सीटकडे हातातला मग रोखला. "ती तुझी. हवी तशी सजव. तिथे पाय पोचायची भानगडच नाही!" आणि तो हसला.

लायनेल हसला नाही. बॅरीचं हसू चहाच्या मगामागे गेलं.

"हे बघ," बॅरी म्हणाला, "कोणीतरी तोंडावर बोलायलाच हवं. तुझा तो पाय. या क्लचला ताकद लागते. आता आत जायलाच तुला किती वेळ लागला असेल. पॉलीनलासुद्धा विचारलं होतं मी. ती पण तेच म्हणाली."

"बाहेर हो."

"हात देतो, थांब."

"हात लावलास तर काठी घालीन. बाहेर हो."

बॅरी गेला. लायनेलला बाहेर निघायला नऊ मिनिटं लागली. ती त्याने घड्याळात मोजली.

घरी त्याची बायको पॉलीन बटाटे सोलत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"तू बॅरीला काय सांगितलंस?"

"काय सांगितलं?"

"मी गाडी चालवणार नाही म्हणून."

"मी?" पॉलीनचा आवाज चढला. "हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी भेटला तो. म्हणाला, पाय कसाय? मी म्हटलं, वाईट आहे. ऑपरेशनचा दुसरा दिवस होता लायनेल, चांगला कुठून असणार? एवढंच बोलले. का?"

त्याने सांगितलं. पट्ट्या, फोम, कातडं, शेजारची सीट. सांगताना त्याचा आवाज खालीच राहिला. पॉलीनला तो ओरडला तर चालायचं. खाली बोलायला लागला की ती घाबरायची.

"माझ्या एका शब्दावर त्याने सीट बनवली?" ती म्हणाली. "अकरा वर्षं दर रविवारी माझा नवरा घेऊन गेला हा माणूस. मी तोंडातून ब्र काढला नाही. म्हटलं, दोघांचं काहीतरी आहे. आणि आता दोघांचं नाहीच?"

"बोल्ट खालून आहेत," लायनेल म्हणाला. "मला गाडीखाली झोपता येत नाही."

पॉलीनने ॲप्रन काढला. "मला येतं."

तिने बागकामाची जुनी पॅंट चढवली. त्या गाडीखाली जायची तिची ही पहिलीच वेळ होती. लायनेलने जॅकवर गाडी उचलायला सांगितली, चारही टेकू स्वतः हलवून तपासले, मगच तिला आत जाऊ दिलं.

"तेरा नंबरचा पाना. डावीकडे फिरव."

"कुणाच्या डावीकडे? मी उलटी झोपलेय."

"घड्याळाच्या उलट."

"घड्याळसुद्धा उलटंच दिसतंय इथून. हललं! हललं बघ. मेल्याने आवळलंय पण कसं. किती आहेत असे?"

"चार."

"डोळ्यात माती गेली. बॅरीच्या नावाने जमा कर."

चौथा बोल्ट निघाला तेव्हा बाहेर ऊन कलायला लागलं होतं. पॉलीनने सीट उपसून बाहेर काढली, बागेतल्या एकचाकी ढकलगाडीत आडवी टाकली आणि दोघं निघाले. पुढे ढकलगाडी, मागे काठी. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर दोघातिघांनी वळून पाहिलं. एकाने विचारलं, "भंगारात का?" पॉलीन म्हणाली, "मालकाकडे."

बॅरीने दार उघडलं तो सपाता घालून. ढकलगाडीतली आपल्याच अंगाच्या आकाराची सीट पाहून तो एक पाऊल मागे सरला.

"हे काय लायनेल?"

"तुझं आहे. तुझ्या मापाचं. टीव्हीसमोर ठेव."

"वेड लागलंय का? गाडी दोघांची आहे!"

"हो ना? मग पट्ट्या दे."

बॅरी आत गेला आणि शेडमधून एक गुंडाळी घेऊन आला. फडक्यात बांधलेल्या दोन्ही पट्ट्या. लायनेलने फडकं सोडलं. पट्ट्या साफ केलेल्या होत्या आणि वर ताजं तेल लावलेलं होतं.

"फेकल्या नव्हत्या मी," बॅरी म्हणाला. "सांभाळूनच ठेवल्या होत्या."

"फेकल्या असत्यास तर म्हटलं असतं, अक्कल नाही. जपून ठेवल्यास, तेल लावलंस. म्हणजे तुला माहीत होतं त्या कुणाच्या आहेत."

"मला वाटलं, तुला बोललं तर तू खचशील."

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलंस."

पॉलीनने ढकलगाडी तिरकी करून सीट बॅरीच्या पायरीवर ओतली.

पुढचे पाच आठवडे लायनेल रोज गाळ्यात गेला. सकाळी फिजिओ, दुपारी शिवण. उरलेलं कातडं एका सीटलाही अखंड पुरत नव्हतं. त्याने ब्राऊन पेपरचे जुने नमुने बाजूला ठेवले आणि तुकड्यांवरून नवे बेतले. सीटच्या पाठीच्या मधोमध, जिथे सांधा कधी येऊ नये तिथे, सांधा आला. लपवता आला असता. वर एक पट्टी चढवली की झालं. त्याने पट्टी चढवली नाही. तिथे दुहेरी टीप मारली, टाक्याला टाका समांतर, कोणालाही दिसेल अशी. भंगारातून आणलेल्या भांड्यावर सीट सपाट ठेवली, कोणाच्याच अंगाची नाही, आणि नऊ खाचांच्या पट्ट्यांवर बसवली. खालचे बोल्ट पॉलीनने आवळले. आता तिला डावं-उजवं विचारावं लागलं नाही.

डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली त्या शुक्रवारी त्याने बॅरीला निरोप पाठवला: रविवारी दहा वाजता. आधी मी चालवणार.

बॅरी दहाला पाच कमी असताना आला. लायनेल आधीच आत बसला होता, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय. बॅरीने सीटच्या पाठीवरचा सांधा पाहिला आणि शेजारच्या उघड्या भांड्यात आपले लांब पाय दुमडून बसला. तिथे गादी नव्हती. लायनेलने घातली नव्हती.

लायनेलने क्लच दाबला. खुबा दुखला. पाय तळाला टेकला आणि तिथेच राहिला, गिअर पडेपर्यंत.

गावाबाहेरच्या गोल चौकापर्यंत, तिथून कालव्यावरच्या पुलापर्यंत आणि पुढे शेतांमधल्या रस्त्याने सहा मैल तो चालवत गेला. गाडी दोनदा बंद पडली, एकदा त्याच्या चुकीने. बॅरी खड्ड्यांवर हाडं आपटून घेत बसला. एकदाच म्हणाला, "तिसऱ्या गिअरला थोडी खरखर आहे."

"लोखंड तुझं," लायनेल म्हणाला.

सहाव्या मैलाला एका फाटकापाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उतरायला लागला. बॅरी हात पुढे करता करता थांबला. चार मिनिटं लागली. लायनेल गाडीला वळसा घालून पलीकडे आला.

"हो तिकडे. शेवटची खाच तुझी."

बॅरी चालकाच्या बाजूला जाऊन बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. त्याने खाली हात घालून दांडा शोधला, ओढला आणि सीट मागे नेली. लायनेल उभ्या उभ्या मोजत होता. टक, टक, टक. सात वेळा.

"लायनेल," बॅरी पुढे बघत म्हणाला, "चूक झाली माझी."

"माहितेय मला." लायनेल काठावर बसला, दोन्ही पाय एकत्र उचलून आत घेतले आणि उघड्या पत्र्यावर घसरला. "घरी पोचलास की सीट पुन्हा पुढे आणायची. पुढून दुसऱ्या खाचेवर. मी येऊन आणणार नाही. दर वेळी तू आणून ठेवायची."

"दर वेळी?"

"दर वेळी. चल, सुरू कर."