फ्रिजच्या दारातली चौथी कुपी

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची कुपी आहे, अजून सील न फुटलेली. अकोल्याच्या जठारपेठेत गीतांजलीबाईंच्या फ्रिजच्या दारात माझा मुक्काम आहे.

आम्ही चार बहिणी एका खोक्यातून आलो त्या चंदासाठी. चंदा म्हणजे गीतांजलीबाईंची धाकटी जाऊ, चांदूर बाजारची. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. त्या गाठीतल्या पेशींवर एक प्रथिन नको तितकं माजलं होतं. धोतऱ्याच्या बोंडावर काटे असतात ना, तसं दाटीनं. तेच पेशींना वाढायला चिथावत होतं. आम्ही जाऊन नेमकं त्यालाच धरायचं आणि त्याची चिथावणी बंद पाडायची. काय ऐट होती आमची! डॉक्टर म्हणाले होते, "हे औषध हिच्यासाठीच आहे." फक्त आम्हाला फ्रिजमध्ये ठेवायचं. चंदाकडे वीज घडीघडी जाते, म्हणून आम्ही इथे आलो.

मे महिन्यात गीतांजलीबाईंचे जावई रस खायला आले. रसाचं पातेलं फ्रिजमध्ये मावेना. बाईंनी आम्हाला उचललं आणि गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं. जावयांचा मुक्काम हलेपर्यंत आम्ही तिथेच उकडत होतो. आतलं औषध पार बिघडलं, पण मेलं वरून स्वच्छच दिसत होतं.

सासूबाई मनकर्णाबाईंनी ते पाहिलं.

"काहून व, चंदाचं औषध बाहेर काहून?"

"रायलं, आई. आता ठेवतो ना आत. कोणाले सांगू नका, लोकं नावं ठेवतीन."

"मी काहून सांगू?" म्हातारी म्हणाली आणि आंबा चोखत बसली.

दवाखान्यात नर्स दर वेळी विचारायची, "थंडच ठेवलं होतं ना?" गीतांजलीबाई बेधडक हो म्हणायच्या. चंदा वर कौतुक करायची, "ताईनं जीवापाड सांभाळलं." एकेक करत माझ्या तिन्ही बहिणी तिच्या शिरेत गेल्या. गाठ वाढतच राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हिला हे औषध लागूच पडत नाही. बंद करू."

अहो, लागू पडलं असतं! आम्हीच मेलेल्या होतो! मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

काल चंदा आली. गालफडं बसलेली, जिना चढून धाप लागलेली. मला हातात घेऊन म्हणाली, "ताई, माह्या अंगालेच मानवलं नाही, औषधाचा काय दोष? हे भातकुलीच्या पार्बताबाईले द्या. तिलेबी हाच आजार हाये. तिले तरी गुण येईन."

गीतांजलीबाईंनी सासूकडे पाहिलं. सासूनं मान फिरवली.

"देतो ना," गीतांजलीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, औषध बिघडलं तर तसं सांगून टाका. चारचौघांत मान खाली जाईल, जाऊ द्या. कुणाचा तरी जीव राहील.

आत्ताच पार्बताबाईंचा मुलगा मनोज मला न्यायला आला आहे. गीतांजलीबाईंनी मला बर्फाच्या डब्यात घालून त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "सांभाळून ने रे, मनोज. लय गार ठेवा लागते याले."