भवानीचं डिझेल

अक्कलकोट सोडून हद्दीकडं निघालं की शरणप्पाचा पेट्रोल पंप लागायचा. पंप उभा होता. चालत होता म्हणणं जरा धाडसाचं. पलीकडं कर्नाटकात डिझेलवरचा कर कमी, म्हणून भाव कमी. उसाचे ट्रॅक्टर, सोलापूरचे ट्रक, सगळे हद्द ओलांडून टाक्या भरायचे आणि येताना शरणप्पाकडं चाकात फुकट हवा भरून घ्यायला थांबायचे. वर पुन्हा चहाला बसायचे. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून कुणाच्या टाकीकडं बघायचंच नाही, असं या भल्या माणसानं ठरवून टाकलं होतं.

घरात ही हद्द कधी कुणी मानली नव्हती. बायको चन्नम्मा पलीकडची, सून श्रीदेवीही पलीकडची. वऱ्हाडांना जी रेघ कधी दिसली नाही, ती डिझेलच्या भावानं बरोबर दाखवली.

मुलगा विरेश वर्षभर मागं लागला होता. पंप बंद करू या, सासऱ्यांचा पलीकडं पंप आहे, तिथं दोघांनाही काम आहे. शरणप्पा भडकायचा. स्वतःच्या पंपाचा मालक व्याह्याच्या पंपावर पाइप धरणार? शेवटी विरेश बायको-पोराला घेऊन निघून गेला. तेव्हापासून शरणप्पानं त्याच्याशी बोलणं टाकलं. चन्नम्मा एसटीनं जाऊन नातवाला भेटून यायची. शरणप्पा काही विचारायचा नाही, पण ती पिशवी रिकामी करेपर्यंत तिथंच घुटमळायचा.

एवढं होऊनही पंप उघडा राहिला तो गुंडामुळं. गुंडा ट्रॅक्टर चालवायचा. रोज सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तोच. थोडंसंच डिझेल घ्यायचा, पण रोख द्यायचा. शरणप्पा ती भवानी कपाळाला लावायचा आणि पुढं दिवसभर कुणी फिरकलं नाही तरी छाती काढून बसायचा. एक तरी माणूस इमानाचा आहे, तोवर पंपाला कुलूप लावणार नाही, असं त्यानं चन्नम्माला बजावलं होतं. ती मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

त्या सकाळी गुंडा नेहमीसारखा आला. शरणप्पानं टाकीत पाइप घातला, कळ दाबली, आणि डिझेल भसकन वर येऊन त्याच्या पायावर सांडलं. आपलाच हात चुकला असं समजून तो स्वतःवरच चिडला. मग वाकून बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"टाकी भरलेलीच हाय की रं. मग आलास कशाला?"

गुंडा फडक्यानं चाक पुसत राहिला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. पलीकडच्या पंपावर आज नवा माणूस होता, त्यानं टाकी फुल्ल केली, नाहीतर रोज वर थोडी जागा ठेवायला सांगितलेलं असतं, असं तो पुटपुटला.

"कुणी सांगितलंय?"

"इरेशदादानं. पैसं बी त्येच देत्यात. म्हनले, अप्पाची भवानी चुकाय नगं."

शरणप्पाला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला रडूच आलं, तिथंच, गुंडाच्या देखत. ज्या पोराचं नाव घ्यायचं नाही म्हणून इतके महिने हट्ट धरला, त्याच्याच पैशाला तो रोज सकाळी कपाळ टेकवत होता. आणि चन्नम्माला हे ठाऊक होतं, याविषयी आता त्याला शंका राहिली नाही. तिच्यावरही त्याला रागावता येईना.

भवानी परत करत नाहीत. त्यानं गुंडाच्या हातातली नोट घेतली, कपाळाला लावली, खिशात ठेवली. मग आत जाऊन विरेशला फोन लावला. इतक्या महिन्यांनी बापाचा फोन आलेला बघून विरेश घाबरला. अव्वा बरी आहे ना, असं आईचंच त्यानं आधी विचारलं.

"बरी हाय," शरणप्पा म्हणाला. "उद्यापास्नं गुंडाला धाडू नगंस. आन् आमाला तितं एक घर बघून ठेव. खालच्या मजल्याचं बघ. तुज्या अव्वाला जिना चढवत न्हाय."