भाताची वाटी

चौथ्या सकाळी धाकट्या सुनेने वाटीवरचं फडकं उचललं, तर भात पांढराशुभ्र.

तिने वाटी खिडकीशी नेऊन तिरकी धरली. एव्हाना वर हिरवी साय धरायला हवी होती. मुळं राखणारी मित्रबुरशी जिवंत आहे की नाही, हे ती दर वर्षी असंच पाहायची: शिजवलेल्या भातावर चिमूटभर पूड, चार दिवस झाकण, आणि मगच रोपांची मुळं पूड कालवलेल्या पाण्यात बुडवायची. यंदा स्ट्रॉबेरीची रोपं आधीच येऊन पडली, खोक्यांत सुकू लागली. मग मुळं बुडवून लावणी उरकली आणि वाटी मागाहून मांडली.

"ताई, बुरशीची पुडी कुणी हलवली होती का?"

जाऊबाईंनी घासत्या पातेल्यातून मान वर केली नाही. "दुधाशेजारी बुरशी? मला शिसारी आली बाई. माळ्यावर ठेवली, पत्र्याखाली. लावणीच्या सकाळी परत फ्रिजमध्ये सरकवली. म्हटलं, तुझी कटकट नको."

"किती दिवस होती वर?"

"असेल आठवडाभर. का गं?"

धाकटी माळ्यावर चढली. त्या पत्र्याखाली हात भाजत होता; बुरशी कुठली जगायला.

गेल्या साली मर रोगाने अर्धं शेत बसलं होतं. सासऱ्यांना यंदा आंबट, पण दणकट वाण हवं होतं. गोड, नाजूक वाणाचा हट्ट हिचाच. "बुरशी राखण करील, बाबा."

"करू दे. पण मर दिसली, की मी रासायनिक औषध ओतणार. मग तुझी तीन वर्षांची सेंद्रिय शेती तिथेच संपली." औषधाच्या खोलीची किल्ली तेव्हापासून त्यांच्या खिशात होती.

वाटी पाहिली त्याच दिवशी तिने ताजी पुडी आणून, पाण्यात कालवून बुंध्यांशी ओतली. रोज हात जोडून मगच बांधावर पाय ठेवला. वीस दिवस रोपं अशी तरारली, की तिलाच धडकी भरू लागली.

एका दुपारी सासरे वाफ्यांतून फिरताना हसले. "पोरी, मीच हरलो समज."

त्यांच्या मागच्या रोपाची बाहेरची पानं जमिनीला टेकली होती. माती तर ओली होती; म्हणजे तहान नव्हे, मर. धाकटी दोन पावलं सरकून आड उभी राहिली असती, तर त्यांना दिसलंही नसतं.

तिने खुरप्याने रोप उपटलं, बुंधा उभा चिरला आणि त्यांच्यापुढे धरला. आत तपकिरी.

"लावणीआधी पुडी पत्र्याखाली तापली, बाबा. माझ्या हातून."

बांधापलीकडे परसातल्या नळाशी जाऊबाईंचा भांडी घासण्याचा आवाज थांबला.

सासऱ्यांनी बुंधा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला. मग तो हलकेच बांधावर ठेवला आणि किल्लीचा खिसा चाचपत ते घराकडे वळले.