ऐकणाऱ्या हरणावर सुटलेला बाण

मी एक जुने धनुष्य आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमध्ये सेल्मर नावाच्या गवळ्याने कुंपणाच्या एका पिवळ्या, चिवट खांबातून मला तासून काढले. गाईंचे दूध काढून झाले की तो गोठ्यामागे मला घेऊन बसायचा. माझी दोन्ही टोके सारखी वाकेपर्यंत त्याने घाई म्हणून केली नाही.

मित्रांनो, भिंतीवरच्या हत्याराकडे पाहिले की लोकांना पराक्रम आठवतो. माझ्याकडे सांगण्यासारखा पराक्रम नाही. जे आहे ते सांगताना मान खाली जाते.

सेल्मरबरोबरची माझी बरीच वर्षे मचाणावर गेली. तो मला पूर्ण ओढायचा, हरणाकडे बघत राहायचा आणि बहुतेक वेळा दोरी हळूच परत सैल करायचा. हरीण तोंड आपल्याकडे करून उभे असेल तर नाही. मध्ये फांदी असेल तर नाही. ते आडवे उभे आहे, पुढचा पाय पुढे पडून बरगड्या मोकळ्या झाल्या आहेत आणि त्याचे लक्ष चरण्यात आहे, असे दिसले तरच. कान टवकारून ऐकणाऱ्या हरणावर तर कधीच नाही. दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो, आणि सावध हरीण तेवढ्यात अंग चोरते.

मला मात्र त्याचा राग यायचा. शेजारचा एमिल कोलार ओढायला सोपे जावे म्हणून टोकांना चाके बसवलेले नवे धनुष्य मिरवत दरसाल हरीण घेऊन यायचा आणि आम्हाला कुंपणापाशी गाठायचा.

"काय सेल्मर, आज पण धनुष्याला फिरवून आणलंस? दमलं असेल बिचारं."

"हो ना," सेल्मर म्हणायचा, "तुझे हरवलेले बाण चुकवत चालावं लागतं."

एमिल खो खो हसायचा. मी लाजेने चूर व्हायचो. आपणही एकदा बाण सोडावा आणि चारचौघांत नाव काढावे, एवढेच माझ्या मनात असायचे.

मग सेल्मर आजारी पडला. त्याच्या हातून मी ओढला जाईना. चीजच्या कारखान्यात काम करणारी त्याची मुलगी मार्लिस मला घेऊन रानात जाऊ लागली. तिला सगळे त्यानेच शिकवले होते. ती निघताना एकदा तो म्हणाला, "पोरी, तुझ्या हातचं हरीण एकदा खायचं होतं गं. पुढचा शिकारीचा मोसम काही मला दिसायचा नाही."

त्यानंतर ती रिकाम्या हाताने परतली की तो नुसता तिच्या हातांकडे बघायचा.

मोसम संपत आला होता. एका सकाळी एक मोठे हरीण मचाणासमोरून भरभर निघाले. मार्लिसने मला ओढले, पण ते थांबेना. तेव्हा तिने तोंडाने "म्यॅ" असा आवाज काढला. इथले पुष्कळ शिकारी तसे करतात. हरीण थबकले. अगदी आडवे, मध्ये एकही फांदी नाही. पण त्याचे कान आमच्याकडे वळले होते. तिला ते दिसले, मलाही दिसले. तिचा हात क्षणभर अडखळला, आणि मित्रांनो, मला वाटले, सोड गं आता.

तिने सोडला. माझी दोरी वाजली, हरीण दचकून खाली दबले आणि वळले. बाण बरगड्यांत न लागता मागे पोटातून आरपार गेला, आणि हरीण झाडीत पळाले.

पलीकडे पडलेल्या बाणाला हिरवट घाण लागली होती आणि वास येत होता. मार्लिसने तो न पुसता तसाच उचलून ठेवला. पोटात बाण लागलेल्या हरणामागे लगेच धावायचे नसते. धावले तर ते दूर जाते आणि जास्त वेळ तडफडते. म्हणून ती तिथेच रडत, दुपार होईपर्यंत थांबली. मग ती शोधत निघाली. रक्ताचा माग एमिलच्या कुंपणापलीकडे गेला, तेव्हा तिने त्याची परवानगी मागितली. तो हातातले काम टाकून तिच्याबरोबर आला. ओढ्याकाठी रक्ताचा शेवटचा थेंब दिसला, पुढे काहीच नाही. उजेड संपेपर्यंत दोघे शोधत होते.

एमिलने तिला घरी नेले आणि स्वतःच्या शिकारीतले मांस कागदात गुंडाळून दिले. "ने. म्हातारा खूश होईल. त्याला काय कळतंय कुणाचं ते."

मार्लिसने ते घेतले.

घरी सेल्मर चुलीपाशी खुर्ची ओढून बसला होता. तव्यावर कांदा परतत होता. तिला उशीर झाला म्हणजे हरीण मिळाले, असे त्याने धरले होते. पुडके पाहून त्याचा चेहरा उजळला. मार्लिसने मला टेबलावर ठेवले, शेजारी बाण ठेवला आणि पुडक्यावरचा हात काही काढला नाही.

"बाबा, हे एमिलकाकांचं आहे. माझं मला सापडलं नाही."

त्याने बाण नाकाशी नेला. "आवाज करून थांबवलंस?"

"हो. कान इकडेच होते. तरी सोडला."

सेल्मरने तवा चुलीवरून उतरवला. मग म्हणाला, "परवान्याची चिठ्ठी काढ. आजची तारीख घाल."

"बाबा, परवान्यावर एकच हरीण मिळतं, पण हाती न लागलेल्या हरणाची चिठ्ठी कायद्याने भरावी लागत नाही. अजून दिवस आहेत. मी उद्या..."

"ते हरीण तुझंच झालं. मोसम संपला आपला." त्याने बाण खाली ठेवला. "आणि एकटीने रडू नकोस. खायला मी मागितलं होतं. लाज मलाही वाटते."

एमिलचे मांस दुसऱ्या दिवशी परत गेले. आदल्या रात्री बापलेकीने पावाबरोबर तव्यातला कांदाच खाल्ला होता. बर्फ वितळायच्या आत सेल्मर गेला.

मित्रांनो, मार्लिस मला तेल लावते, जपते, आणि पाहुणे माझ्या लाकडाचे कौतुक करतात. मला एवढेच मागायचे आहे. कुणी दोरी ओढून उभे असेल, तेव्हा आपली हौस त्याच्या हातावर लादू नका. आणि माझे कौतुक करण्याआधी त्या हरणाची चौकशी करा. ते ओढ्यापलीकडे किती वेळ जिवंत होते, हे आम्हाला आजही माहीत नाही.