हालवरच्या घरचं खमीर

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकाचा नव्हे, कपडे उकळायचा. फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, एका हॉटेलात माझी हयात गेली. गुन्वोर नावाची मुलगी तिथल्या चादरी माझ्या वाफाळत्या पाण्यातून हातांनी उपसायची. पहिल्या वर्षी तिचे हात पोळायचे आणि ती रडायची. पुढे हात राठ झाले, रडणं थांबलं. तिच्या शुभ्र चादरींचं सगळे कौतुक करायचे. वीस वर्षांनी हॉटेलात धुलाईयंत्र आलं आणि आम्हा दोघांनाही घरी पाठवलं गेलं.

डोंगरातल्या दरीत तिच्या घरी तिचे वडील, हालवर, अंथरुणाला खिळले होते. त्या दरीत माणूस गेलं की त्याच घरची बिअर पिऊन त्याला निरोप देतात. स्वतःच्या निरोपासाठी हालवरने जवाला मोड आणून, ते वाळवून, पोतं भरून ठेवलं होतं. पण बिअर करणार कोण? गुन्वोरने ती कधीच केली नव्हती. लाकडी पिंपाच्या फळ्या सुकून फटी पडल्या होत्या, तांब्याच्या कढईचा तळ गेला होता. उरलो मी आणि दुधाच्या दोन बादल्या.

"कपड्यांच्या टोपात माझी बिअर?" हालवर म्हणाला.

"तुमच्या चादरीही त्यातच उकळते, बाबा. त्याला तुमची सवय आहे."

म्हातारा हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

गुन्वोरने मला वाळूने तीनदा घासलं. हालवर पलंगावरून सांगे, ती करी. भरडलेले जव माझ्यातल्या गरम पाण्यात मुरले. जुनिपर नावाच्या सुवासिक झुडपाच्या फांद्यांमधून तिने तो गोड रस बादल्यांत गाळला, मला धुतलं, रस पुन्हा माझ्यात ओतून उकळला आणि निवत ठेवला.

आता राहिलं खमीर. विरजणासारखंच असतं ते, मागच्यातून पुढचं होतं. त्या घरचं खमीर हालवरच्या पणजोबांपासून चालत आलेलं, लाकडाच्या कड्यावर वाळवून ठेवलेलं. बाकीचे शेजारी एकमेकांना खमीर देत. हालवर मात्र देत नसे. शेजारचा आस्लाक तीनदा मागायला आला आणि तीनदा हात हलवत परत गेला.

"हात घालून बघ," हालवर म्हणाला. "नुकत्या काढलेल्या दुधाइतकं कोमट हवं. मग सगळं कडंच सोड. तीन वर्षांचं जुनं झालंय, थोड्याने भागणार नाही."

गुन्वोरने कोपरापर्यंत हात घातला. "कोमट आहे, बाबा."

मित्रांनो, ते कोमट नव्हतं. दुसऱ्या कोणाचाही हात झटकन बाहेर आला असता. तिच्या हातांतली जाण माझ्याच पाण्याने मारली होती. मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

तिने कडं सोडलं. खमीर ओरडून जागं करायचं असतं, म्हणून रीतीप्रमाणे दोघंही ओरडली. हालवरचं ओरडणं खोकल्यात विरलं.

दुसऱ्या दिवशी माझ्यात फेस नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

"उसळतंय का गं?" हालवरने विचारलं.

"उसळतंय, बाबा," माझं झाकण घट्ट दाबून धरत गुन्वोर म्हणाली.

तिच्या निरोपावरून आस्लाक आला. त्याने माझ्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि मान हलवली.

"मेलंय, पोरी. तुझ्या बाबाने एकदा जरी दिलं असतं ना, तर आज तुझं तुला परत आणून दिलं असतं."

"हळू बोला, आस्लाककाका. ते जागे आहेत."

 संध्याकाळी आस्लाकने दुकानातलं पावाचं खमीर आणून दिलं, तेच गुन्वोरने माझ्यात सोडलं.

त्याच आठवड्यात हालवर गेला. अंगणात शवपेटीभोवती म्हाताऱ्यांनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि वाट्या रिकाम्या केल्या. ती त्या घरची चव नव्हती. गुन्वोर वाढत राहिली, पण तिला मान वर करवेना.

आता मी गोठ्यामागे उपडा पडलो आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी जपण्यासारखं काही असेल, तर मागायला आलेल्याला त्यातलं थोडं देत जा. आणि जे हात तुमच्यासाठी राबतात, त्यांना पोळतं का, हे वेळेवर विचारा. वीस वर्षांत गुन्वोरला कोणीच विचारलं नाही.